गिवान : प्रशांत महासागराच्या उंबरठ्यावरील एका किनारी नगराचा भूगोल, इतिहास आणि अर्थकारण

प्रास्ताविक

फिलिपाइन्स द्वीपसमूहातील समार बेटाच्या आग्नेय टोकावर गिवान नावाची नगरपालिका आहे. तेथील 'नगरपालिका' ही संज्ञा आपल्याकडील अर्थाने घेता येत नाही. एक मध्यवर्ती वस्ती, तिच्या भोवतालची खेडी, शेते, माडबने आणि बेटे असा सगळा प्रदेश तीत येतो, आणि त्याच्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाला 'बरांगाय' म्हणतात. गिवानमध्ये असे ६० बरांगाय आहेत. क्षेत्रफळ सुमारे १७५ चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५३,३६१. लोकांची भाषा वाराय. १९६५ साली समारचे विभाजन झाल्यापासून गिवान पूर्व समार या प्रांतात मोडते. हा प्रांत देशातील दरिद्री प्रांतांत गणला जात आला आहे.

एवढ्या लहान प्रदेशाचे नाव जगाच्या इतिहासात चार-पाच वेळा येते, आणि प्रत्येक वेळी समुद्रावरून कोणीतरी येऊन पोहोचले म्हणूनच येते. १५२१ मध्ये मॅगेलन, १६९६ मध्ये कॅरोलाइन बेटांवरील भरकटलेले दर्यावर्दी, १९४४ मध्ये अमेरिकी आरमार, १९४९ मध्ये देशोधडीला लागलेले रशियन, आणि २०१३ मध्ये महावादळ. इतिहासकारांचे लक्ष साहजिकच येणाऱ्यांवर खिळलेले असते. परंतु या आलेल्यांना गिवानने खायला काय दिले, ते कोठून दिले आणि ते देण्याची शक्ती या किनाऱ्यात कशामुळे होती, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागल्यास माड आणि प्रवाळखडक या दोन गोष्टींपाशी वारंवार यावे लागते.

भूमी आणि समुद्र

समारच्या मुख्य भूमीतून दक्षिणेकडे एक अरुंद द्वीपकल्प निघते व त्याच्या टोकाला गिवान वसले आहे. पश्चिमेस लेयतेचे आखात, तुलनेने शांत. पूर्वेस फिलिपाइन समुद्र, म्हणजे प्रशांत महासागराचा उघडा भाग. कालिकोआन आणि तुबाबाओ ही बेटे आता मुख्य भूमीशी जोडलेली आहेत. मानिकानी आखातात आहे, तर होमोनहोन आणि सुलुआन दक्षिणेकडे, आखाताच्या तोंडाशी. पूर्वेकडून येणाऱ्या गलबताला आशियाची भूमी प्रथम दिसते ती अशा एखाद्या बेटाच्या रूपाने.

द्वीपकल्पाचा बराचसा भाग चुनखडीचा आहे. अशा भूमीत पाणी पृष्ठभागावर थांबत नाही आणि मोठ्या नद्या वाहत नाहीत. भातशेतीला लागणारा सपाट, पाणी धरणारा गाळ येथे थोडा. माडाला मात्र ही हवा आणि किनाऱ्याची ही माती मानवते. होमोनहोन आणि मानिकानी या बेटांची भूरचना निराळी आहे. तेथील खडकांत निकेल व क्रोमाइट आहे. या एका भूशास्त्रीय भेदाचे परिणाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागले. त्यांकडे पुढे वळू.

पाऊस येथे वर्षभर पडतो, ठळक असा कोरडा हंगाम नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तो सर्वाधिक असतो. पूर्वेकडे जमिनीचा कोणताही आडोसा नसल्यामुळे प्रशांत महासागरात जन्मलेली वादळे थेट येऊन धडकतात. समुद्रतळाशी फिलिपाइन गर्ता आहे. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी गिवानच्या पूर्वेस समुद्रात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला होता. थोडक्यात, जो मोकळेपणा जहाजांना येथे आणतो तोच वादळांनाही आणतो.

पाहुण्यांची पहिली न्याहारी

१६ मार्च १५२१ रोजी मॅगेलनच्या जहाजांना समारची उंच भूमी दिसली. मोहिमेचा वृत्तांत लिहिणारा इटालियन आन्तोनियो पिगाफेट्टा याने आधीच्या तीन महिने वीस दिवसांचे जे वर्णन केले आहे ते सुपरिचित आहे : किडे पडलेली बिस्किटे, लाकडाचा भुसा, भिजवून भाजलेले चामडे, उंदीर. हिरड्या सुजून माणसे मरत होती. वाटेत ग्वाम येथे त्यांना थोडे अन्न मिळाले, परंतु तो प्रसंग चकमकीत व रक्तपातात संपला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मॅगेलनने निर्जन बेट निवडले, ते होमोनहोन. तेथे आजाऱ्यांसाठी दोन तंबू ठोकले.

१८ मार्चला एका होडीतून नऊ माणसे आली. ती शेजारच्या सुलुआन बेटावरची होती. मॅगेलनने लाल टोप्या, आरसे, कंगवे, घुंगरू अशा वस्तू दिल्या. सुलुआनकरांनी मासे दिले, भांडेभर माडाची दारू दिली, केळी दिली आणि दोन नारळ दिले. आत्ता एवढेच आहे, चार दिवसांनी तांदूळ व नारळ घेऊन येतो, असे त्यांनी खुणांनी सांगितले. २२ मार्चला ते खरोखरच आले. या काळात मॅगेलन रोज किनाऱ्यावर जाऊन आजाऱ्यांना स्वतःच्या हाताने नारळाचे पाणी पाजत असे, असे पिगाफेट्टा सांगतो.

या वृत्तांतातील सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते मॅगेलनविषयीचा नसून माडाविषयीचा आहे. पिगाफेट्टाने माड आयुष्यात बहुधा प्रथमच असा जवळून पाहिला होता, आणि तो थक्क झाला होता. पोय छेदून बांबूच्या नळकांड्यात रस कसा धरतात, खोबऱ्यापासून तेल, दूध आणि शिर्का कसा करतात, सोडणाच्या काथ्याने होड्या कशा बांधतात, करवंटी जाळून तिच्या भुकटीचा उपयोग कसा करतात, हे सर्व तो बारकाईने नोंदवतो. शेवटी हिशेब मांडतो : दोन माडांवर दहा माणसांचे कुटुंब निभावते, आठ दिवस एकाची माडी, आठ दिवस दुसऱ्याची, नाहीतर झाड सुकते, आणि असा माड शंभर वर्षे जगतो. हिशेब अतिशयोक्त असेल, पण त्यातील पाळी बदलण्याचा नियम हा प्रवाशाच्या कल्पनेतून निघालेला नाही. तो कोणीतरी, माड राखणाऱ्या माणसाने, त्याला सांगितलेला आहे. गिवान परिसराच्या अर्थव्यवस्थेविषयीचे हे पहिले लिखित वाक्य म्हणता येईल.

माडाच्या दारूसाठी पिगाफेट्टा 'उराका' हा शब्द वापरतो. मूळ अरबी 'अरक'. हिंदी महासागराच्या व्यापारी बोलीतून तो युरोपीय खलाशांच्या तोंडी बसला होता. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला आजही 'उर्राक' म्हणतात, ते याच कुळातले. समारमध्ये माडीला 'तुबा' असा स्वतःचा शब्द आहे. तेथे ती खारफुटीच्या सालीच्या भुकटीने तांबूस करतात आणि दीर्घकाळ मुरवतात.

२५ मार्चला जहाजे निघाली. त्याच दिवशी मासे पकडण्याच्या नादात पिगाफेट्टा पावसाने निसरड्या झालेल्या वाशावरून समुद्रात पडला, आणि पाण्यात लोंबणाऱ्या शिडाच्या दोराला धरून कसाबसा वाचला. तो त्या दिवशी बुडाला असता तर वरील हिशेबही बुडाला असता. महिनाभराने, २७ एप्रिलला, मॅगेलन माक्तान बेटावर मारला गेला. पुस्तकांतून हा मृत्यू मोठा झाला आणि सुलुआनची होडी लहान झाली.

पूर्वेचे शेजारी

स्पॅनिश सत्ता स्थिर झाल्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट मिशनरी समारमध्ये आले. १७६८ मध्ये त्यांची हकालपट्टी होईपर्यंत गिवानचे चर्च त्यांच्याकडे होते. पुढे ते ऑगस्टिनियन व नंतर फ्रान्सिस्कन पंथीयांकडे गेले. दक्षिणेकडील मुस्लिम सुलतानांच्या आरमारी धाडींपासून बचाव म्हणून चर्चभोवती दगडी तटबंदी उभारली गेली. आतल्या भिंती समुद्रातील शिंपल्यांनी सजवल्या होत्या. एखाद्या चर्चची श्रीमंती सोन्याऐवजी प्रवाळखडकावर वेचलेल्या शिंपल्यांनी दाखवावी, ही गोष्ट गिवानला शोभणारी आहे. २००१ साली फिलिपाइन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या वास्तूला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला.

याच काळातील एक घटना सविस्तर सांगण्यासारखी आहे. २८ डिसेंबर १६९६ रोजी गिवानच्या पूर्व किनाऱ्यासमोर दोन अनोळखी होड्या दिसल्या. कॅरोलाइन बेटांवरील स्त्री-पुरुष-मुले एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना वाऱ्यात सापडली होती आणि सुमारे सत्तर दिवस पश्चिमेकडे वाहत आली होती. वाटेत काही जण मेले, सुमारे तीस उरले. किनाऱ्यावरील एका गिवानकराने त्यांना खडकांतून आत येण्याची वाट खुणेने दाखवली, पण अनोळखी माणूस पाहून ते भ्याले आणि पुन्हा समुद्राकडे वळले. वाऱ्याने त्यांना परत ढकलले. होड्या आता खडकावर आपटणार असे दिसताच त्या माणसाने पाण्यात उडी घेतली, पोहत जाऊन एक होडी गाठली आणि वाटाड्या होऊन त्यांना सुखरूप आत आणले. हा वृत्तांत जेझुइट धर्मगुरू पाउल क्लाइन याच्या १० जून १६९७ च्या पत्रात आहे. त्या माणसाचे नाव क्लाइनने दिलेले नाही.

गिवानच्या लोकांनी पाहुण्यांना जे होते ते आणून दिले. नारळ त्यांनी अधाशीपणे खाल्ले. शिजवलेला भात पुढे ठेवला तेव्हा मात्र ते बिचकले, त्यांना ती शिते किड्यांसारखी वाटली. नंतर गावातील दोन स्त्रियांना बोलावले गेले. त्या पूर्वी अशाच वाहत येऊन येथे राहिल्या होत्या. त्यांपैकी एकीला आलेल्यांत आपलेच नातलग भेटले आणि दोन्हीकडचे रडू लागले. दुभाषांची सोय अशी झाली. पाहुण्यांनी वाळूवर खडे मांडून आपल्या बेटांची नावे, आकार आणि अंतरे सांगितली. युरोपला कॅरोलाइन बेटांची माहिती झाली ती बऱ्याच अंशी या खड्यांवरून, आणि त्यातूनच तेथील मिशनरी मोहिमांना चालना मिळाली.

दीडशेहून अधिक वर्षांनी, १८५९-६० च्या सुमारास, जर्मन प्रवासी फेडोर यागोर गिवानला आला तेव्हा त्यालाही येथे कॅरोलाइन बेटांपैकी उलेयाई बेटावरची माणसे भेटली. ती मात्र ठरवून निघाली होती. गिवानजवळच्या सुलांगान येथे शिंपले काढण्यासाठी पाण्यात बुड्या मारण्याचे काम त्यांना करायचे होते. पाच होड्या निघाल्या, वादळाने त्यांची दाणादाण केली, काही डोळ्यांदेखत बुडाल्या. उरलेले मिंडानाओच्या किनाऱ्याला लागले, तेथे शेतांत मजुरी केली आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने गिवानला पोहोचले. यागोरचे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले.

ही दोन टिपणे शेजारी ठेवली की गिवानची नेहमीची प्रतिमा, म्हणजे आशियाचा दुर्गम शेवट, बदलून जाते. पूर्वेकडून पाहिले तर ते शेवट नसून आरंभ आहे. प्रवाळखडकावरील शिंपले हे त्या काळी इतक्या दूरच्या माणसांना ओढून आणणारे धन होते. मनिलाच्या नजरेला हा व्यवहार दिसत नव्हता, म्हणून त्याची दप्तरे नाहीत. दोन परक्यांच्या कुतूहलामुळे तो आपल्यापर्यंत आला.

माडापासून खोबऱ्यापर्यंत

स्पॅनिश राजवटीने माडाकडे पाहिले ते जहाजांच्या गरजेतून. १६४२ साली गव्हर्नर कोर्क्युएराने प्रत्येक देशी माणसाने दोनशे माड लावावेत असा हुकूम काढला. काथ्या दोरांसाठी आणि फटी बुजवण्यासाठी हवा होता. हुकमाची अंमलबजावणी कोठे किती झाली हा वेगळा प्रश्न, पण घरापुरता माड आणि राज्यासाठी माड हा भेद तेव्हापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील साबण व कृत्रिम लोण्याच्या कारखान्यांना वनस्पती तेल कमी पडू लागले आणि सुके खोबरे ही जागतिक बाजारातील वस्तू बनली. १९०९ च्या कायद्याने अमेरिकेची बाजारपेठ जवळजवळ करमुक्त खुली झाली. त्यानंतर फिलिपाइन्सच्या किनाऱ्याकिनाऱ्याने माडबने दाट होत गेली.

खोबऱ्याचे अर्थशास्त्र माडीच्या अर्थशास्त्राहून मूलतः वेगळे आहे. माडी काढणाऱ्याला रोज दोनदा झाडावर चढावे लागते. त्याचे कसब त्याच्या हातात असते आणि गिऱ्हाईक गावातच असते. खोबऱ्यासाठी दीड-दोन महिन्यांनी नारळ उतरवायचे, लोखंडी अणीवर सोलायचे, फोडायचे, सोडणाच्या धगीवर वाळवायचे आणि पोत्यांत भरून व्यापाऱ्याला द्यायचे. भाव तिसरीकडेच कोठेतरी ठरतो. जमीन स्वतःची नसेल तर अनेक ठिकाणी उत्पन्नाचे दोन वाटे मालकाला आणि एक वाटा कुळाला अशी रूढी आहे. अडीअडचणीला व्यापारी उचल देतो आणि पुढचे खोबरे त्यालाच बांधले जाते. दोन माडांवर दहा माणसे जगण्याच्या हिशेबात हा व्यापारी नव्हता.

१९७१ मध्ये आणि पुढे मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात, १९७३ पासून, या खोबऱ्यावर उत्पादकांकडून उपकर वसूल केला गेला. तो १९८२ पर्यंत चालला. शेतकऱ्यांच्या हिताचा निधी म्हणून गोळा केलेला हा पैसा एक बँक आणि सान मिगेल या बड्या उद्योगातील भागभांडवल विकत घेण्यात गुंतला, आणि त्याची सूत्रे राजवटीच्या जवळच्या लोकांकडे गेली. मार्कोस सत्तेवरून गेल्यावर खटले चालू झाले. त्या उद्योगातील २४ टक्के भाग शासनाचे असून ते शेतकऱ्यांसाठीच वापरले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. निधीचा कायदा मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. उपकर भरलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर हयात नव्हते, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

तळ आणि छावणी

१७ ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी रेंजर तुकडी सुलुआनवर उतरली. फिलिपाइन्सच्या मुक्तीसाठी अमेरिकी सैन्याने टाकलेले ते पहिले पाऊल. लेयतेवरील प्रसिद्ध अवतरण त्यानंतर तीन दिवसांनी झाले. लेयतेची दलदलीची जमीन मोठ्या आरमारी तळाला गैरसोयीची ठरली, तेव्हा गिवानची चुनखडी उपयोगी पडली. प्रवाळाचा खडक दळून धावपट्टी आणि रस्ते झाले, कालिकोआनवर कोठारे उभी राहिली, मानिकानीवर जहाज दुरुस्तीचा तळ झाला. काही महिन्यांत मच्छीमारांचा हा प्रदेश प्रशांत महासागरातील एका मोठ्या युद्धयंत्रणेचा भाग बनला, आणि युद्ध संपताच तितक्याच वेगाने रिकामा झाला. धावपट्टी तेवढी राहिली.

रिकाम्या तळाचा एक भाग पुन्हा भरला तो १९४९ मध्ये. रशियन राज्यक्रांतीनंतर चीनमध्ये आश्रय घेतलेले रशियन साम्यवादी सैन्य शांघायकडे सरकू लागताच पुन्हा निराधार झाले होते. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या आवाहनाला प्रतिसाद दिला तो युद्धाने स्वतः उद्ध्वस्त झालेल्या फिलिपाइन्सने. अध्यक्ष एल्पिडिओ किरिनो यांनी परवानगी दिली आणि साडेपाच ते सहा हजार माणसे तुबाबाओ बेटावर तंबूंत राहू लागली. चार महिन्यांसाठी म्हणून आलेली बहुतेक मंडळी दोन वर्षे राहिली. पुढे बरेच जण ऑस्ट्रेलियाला व अमेरिकेला गेले. त्यांच्या सोबत आलेले आर्चबिशप जॉन रोज रात्री छावणीभोवती फिरून चारी दिशांना आशीर्वाद देत, म्हणून वादळे बाजूने निघून जात, असे तेथील लोक श्रद्धेने सांगत. डिसेंबर १९५१ मध्ये छावणी जवळजवळ रिकामी झाल्यावर आलेल्या वादळाने ती भुईसपाट केली. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी वादळांची जी भीती या कथेत आहे ती खरी आहे.

८ नोव्हेंबर २०१३

१२ ऑक्टोबर १८९७ रोजी दक्षिण समार व लेयतेवर आलेल्या वादळाचा अभ्यास मनिला वेधशाळेतील जेझुइट शास्त्रज्ञ होसे अल्गे यांनी लगोलग प्रसिद्ध केला होता. समुद्र जमिनीवर कसा चढून आला याचे वर्णन त्यात आहे. ही माहिती छापील रूपात शतकाहून अधिक काळ उपलब्ध होती. गावोगावच्या स्मृतीत ती किती शिल्लक होती हे मात्र २०१३ ने दाखवले.

८ नोव्हेंबर २०१३ रोजी पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी हैयान वादळाने, तेथील नाव योलांदा, पहिली धडक दिली ती गिवानला. अमेरिकी वादळ केंद्राच्या अंदाजानुसार वाऱ्याचा वेग ताशी ३१५ किलोमीटर होता. जपानच्या मदतीने नुकतेच उभारलेले हवामान रडार त्यातच निकामी झाले. चर्चचे छत उडाले, भिंती ढासळल्या. देशभरातील मृतांचा अधिकृत आकडा ६,३०० आहे. गिवानमध्ये तो शंभराच्या आसपास राहिला. आधीच केलेले स्थलांतर आणि पाण्यापेक्षा वाऱ्याने केलेली अधिक हानी ही त्याची कारणे सांगितली जातात. संपर्क तुटलेला असताना मदतीची विमाने उतरली ती १९४४-४५ च्या त्याच धावपट्टीवर.

मृतांची संख्या कमी म्हणून आपत्ती लहान ठरत नाही. पूर्व विसायास विभागात ३ कोटींहून अधिक माडांना या वादळाची झळ पोहोचली, त्यांपैकी जवळजवळ निम्मे उन्मळले किंवा मोडले. भात बुडाला तर पुढच्या हंगामात पेरता येतो. माडाची सामान्य जात लावल्यापासून फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. खाली पडलेले खोड वेळेत उचलले नाही तर त्यात भुंग्यांची पैदास होते आणि वाचलेल्या झाडांचे शेंडे पोखरले जातात. म्हणून पहिली गरज रोपांची नव्हती, करवती यंत्रांची होती. काही ठिकाणी पडलेल्या माडांच्या फळ्या पाडून त्यांचीच घरे उभी राहिली. अशा घरात बसून माणूस एका अर्थाने आपल्या पुढच्या काही वर्षांच्या उत्पन्नाच्या भिंतींत राहत असतो.

माड गेल्यावर समुद्राकडे वळावे, तर होड्याही गेल्या होत्या. वादळग्रस्त प्रदेशात एकूण सुमारे ३० हजार होड्या नष्ट वा निकामी झाल्याचा अन्न व कृषी संघटनेचा अंदाज होता. मदत संस्थांनी मोठ्या संख्येने होड्या वाटल्या, तेव्हा किनाऱ्यालगतच्या आधीच ताणलेल्या मच्छीवर भार वाढण्याची शंका तज्ज्ञांनी व्यक्त केली. ती अनाठायी नव्हती. शेतातून उठलेला माणूस पहिल्यांदा जातो तो सर्वांत जवळच्या, सर्वांत उथळ पाण्यात, म्हणजे माशांची पिले जेथे वाढतात तेथेच. गिवान व भोवतालच्या बेटांचा सुमारे ६० हजार हेक्टरांचा परिसर १९९४ पासून संरक्षित सागरी भूप्रदेश म्हणून घोषित आहे. परंतु घोषणेने पोट भरत नाही, हे तेथील प्रशासनाला आपल्याहून चांगले ठाऊक असणार. कालिकोआनच्या पूर्व किनाऱ्यावरील लाटांवर फळीवरून घसरण्याचा खेळ खेळणारे पर्यटक येतात. त्यातून काही घरांना रोजगार मिळतो, पण तो ऋतूवर अवलंबून असतो.

लाल माती

मानिकानी आणि होमोनहोन येथील खनिजांचा उल्लेख आरंभी केला आहे. निकेलचे खनिज येथे खोल नसते, पृष्ठभागालगतच्या लाल मातीतच असते. त्यामुळे खाणकाम म्हणजे वरची वनस्पती काढून माती खरवडून नेणे. बारमाही पावसाच्या प्रदेशात उघडी पडलेली ही माती वाहत जाऊन प्रवाळावर बसते. मानिकानीतील खाणकामाला स्थानिकांनी व बोरोंगानच्या धर्मप्रांताने दीर्घकाळ विरोध केला आहे. उलट बाजूही आहे, आणि ती नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माड पडल्यानंतरच्या वर्षांत दिवसाची रोख मजुरी देणारे दुसरे काम बेटांवर फारसे नव्हते. ज्याच्या घरात आज तांदूळ नाही त्याला आठ वर्षांनंतरच्या नारळाचे आश्वासन पुरत नाही. म्हणूनच बेटांवरील मतभेद बाहेरचे विरुद्ध आतले इतके सरळ राहिले नाहीत. ते एकाच घरातल्या दोन भावांमध्येही असू शकतात.

तरी दोन्ही धंद्यांच्या काळाचे माप एक नाही, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. खाण एका बेटावर काही दशके चालते. पिगाफेट्टाने ऐकलेला पाळी बदलण्याचा नियम शंभर वर्षांच्या झाडासाठी होता, आणि वादळे येत असतानाही त्या नियमावर हा किनारा पाच शतके स्वतः जेवला व इतरांना जेवू घालू शकला. खरवडलेल्या मातीवर माड पुन्हा उभा करणे हे वादळानंतर पुनर्लागवड करण्याहून फार अवघड काम आहे.

मॅगेलनच्या आगमनाला पाचशे वर्षे झाली तेव्हा फिलिपाइन्सच्या राष्ट्रीय समितीने तो सोहळा शोधाचा किंवा धर्मांतराचा न मानता 'विजय आणि माणुसकी' या सूत्राभोवती गुंफला. विजय माक्तानचा, आणि माणुसकी सुलुआनची. उपाशी परक्यांना मासे, केळी आणि नारळ देणाऱ्या नऊ माणसांच्या वाट्याला असा मान प्रथमच आला. १८ मार्च २०२१ रोजी अध्यक्ष दुतेर्ते यांच्या उपस्थितीत गिवानला कार्यक्रम झाला, आणि मोहिमेच्या मार्गावर उभारलेल्या स्मारकशिलांपैकी पहिल्या शिला सुलुआन व होमोनहोन येथे बसल्या. होमोनहोनवरून त्यानंतरही खनिजाची जहाजे भरून जात राहिली, आणि २०१३ नंतर लावलेले माड त्या सुमारास नुकतेच फळ धरू लागले होते.